साहेबांचा गॉगल

“तुमचा कॅमेरा मेला,” माझ्या खांद्यावरून वाकून बघत इंगवले साहेब म्हणाले. “पडदा काळा ठिक्कर पडलाय.”

मी पाहिलं. मला तर पडदा लख्ख दिसत होता. त्यात कोंडाचं पाणी होतं, पाण्यात आभाळ होतं, उंबराची फांदी होती आणि एका कोपऱ्यात माझंच घामेजलेलं तोंड होतं. नव्हते ते फक्त मासे.

“चालू आहे की साहेब.”

“अहो, काय चालू आहे? मला काही म्हणजे काही दिसत नाही.”

“मला दिसतंय.”

“बघू इकडं.” त्यांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि आडवा धरला. “हां, आला. आता उभा धरतो... गेला! आत काहीतरी सैल झालंय.”

वरच्या पायरीवर बसलेला बाबू पाष्टे खदाखदा हसला. “साहेब, गुरवाच्या कोंडावरचा क्यामेरा तो. मासे कसे एकट्या आप्पालाच दिसतात, तसा पडदा पन एकट्या सुगंधालाच दिसतो.”

आप्पा म्हणजे माझे वडील. ते सगळ्यात खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसले होते.

दोन हजार सातचा मे महिना होता आणि दुपारचा दीड वाजला होता. चार वाजता सरकारी इंजिनिअर इंगवले साहेब त्यांची जीप घेऊन परत जाणार होते. त्याआधी या कोंडात मासे आहेत असा फोटो त्यांच्या हातात पडला नाही, तर सोमजाईच्या कोंडात सुरुंग उडणार होता. सकाळपासून मी त्रेचाळीस फोटो काढले होते आणि त्रेचाळीसही फोटो आभाळाचे होते.

आमच्या गावाखाली नदी एका काळ्या कातळाला वळसा घालते. त्या वळशात हा कोंड, म्हणजे खोल डोह. बावन्न पायऱ्या उतरून जावं लागतं. आत देवीचे मासे. बाहेरचे लोक त्यांना महसीर म्हणतात, आम्ही नुसतं ‘देवीचे’ म्हणतो. त्यांना कोणी पकडत नाही, कोणी दगड मारत नाही, आणि गुरवाने रोज त्यांना भात घालायचा. आमच्या घरात हे किती पिढ्या चाललंय कोण जाणे. आप्पा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आई जाऊन चार वर्षं झालेली. तरी रोज सकाळी भाताचं पातेलं घेऊन बावन्न पायऱ्या खाली, बावन्न पायऱ्या वर. मी चिपळूणला पेठेकाकांच्या फोटो स्टुडिओत कामाला होते आणि रविवारी घरी यायची. दर रविवारी वाटायचं, आज पायऱ्यांवर काय बघायला मिळणार.

नदीवर साकव, म्हणजे लहानसा पूल, हवा होता, ही गोष्ट खरी. पलीकडच्या वाडीतली माणसं पावसाळ्यात चार महिने अडकून पडायची. बाबू पाष्टे त्याच वाडीतला, आणि आता सरपंच. साकवासाठी त्याने सहा वर्षं चपला झिजवल्या होत्या. पण साकवाचा मधला खांब नेमका कोंडाच्या तोंडाशी आखला गेला. तिथला कातळ फोडायचा म्हणजे सुरुंग आला. चाळीस फूट वरच्या अंगाला उघडा, सपाट कातळ आहे, तिथे सुरुंगाची गरज नव्हती. पण जागा हलवायची तर बाबूला वाटे, आता फाइल पुन्हा वर्षभर हिंडणार. त्यामुळे तो आप्पांना पाण्यात पाहायचा.

“मासे हायत तर दाखव ना!” हे त्याचं पालुपद. आणि मासे तर वर येतच नव्हते. तीन आठवडे काठावर बोअरचं मशीन धडधडत होतं, खांबासाठी कातळ किती खोल आहे ते बघायला. आप्पा भात टाकत, भात तळाला जाई, वर एक शेपटी दिसत नसे.

“भात संध्याकाळपावतो उरत नाय,” आप्पा म्हणत.

“खेकडे खात असतील,” बाबू म्हणे.

हे झालं गावाचं. आता माझं सांगते.

सकाळी साहेब आले तेव्हा आप्पा आधीच खाली उतरले होते. साहेबांनी देवळाच्या कट्ट्यावर फाइल उघडली. तिशीचा, उन्हाने रापलेला माणूस, साताऱ्याकडचा. डोळ्यांवर भलामोठा गॉगल. त्यांनी एका कागदावर बोट ठेवलं.

“जानेवारीतल्या पाहणीत लिहिलंय, ‘डोहात मासे: नाहीत.’ माहिती देणार, सु. के. गुरव. हे कोण?”

सही माझीच होती. “मी,” मी म्हटलं.

“मग चार महिन्यांत मासे आले कुठून?”

“साहेब, त्या दिवशी दिसले नव्हते. माझी चूक झाली. आप्पांना यातलं काही माहीत नाही. ते त्या दिवशी डोळे दाखवायला रत्नागिरीला गेले होते. त्यांना सांगू नका.”

साहेबांनी गॉगल कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं. “मी कशाला सांगू? पण एक ध्यानात घ्या. खांब चाळीस फूट सरकवायला माझी ना नाही, त्याच खर्चात बसतो. मला फक्त कारण लागतं. कागदावर ‘नाहीत’ आहे, त्याला उत्तर म्हणून कागदच लागणार. फोटो द्या. सोमवारी फाइल वर जाते, मग माझ्याही हातात काही नाही.”

तर असं होतं. माझ्या एका सहीने तो खांब कोंडाच्या तोंडाशी येऊन बसला होता. मार्चमध्ये खुंट्या ठोकल्या गेल्या तेव्हापासून आप्पा प्रत्येक कचेरीत जाऊन एकच वाक्य बोलून येत होते, “मासे हायत, साहेब.” आणि रात्रीचं जेवण त्यांनी सोडलं होतं. मला म्हणाले, भूक नाही. चोराच्या मनात चांदणं, तशी मी ते ऐकत होते.

आणि आता हा माणूस म्हणत होता की कॅमेरा मेला.

कॅमेरा पेठेकाकांचा. तळहातात मावेल एवढा, चंदेरी, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. स्टुडिओत आम्ही त्याला ‘डबी’च म्हणायचो. मोडला असता तर काकांना तोंड दाखवायची सोय नव्हती. मी डबी परत घेतली, उभी धरली, आडवी धरली. मला सगळं दिसत होतं. मग मी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं.

“साहेब, जरा गॉगल काढा.”

त्यांनी काढला. “अरेच्चा! दिसतंय की.”

“आता घाला.”

“गेलं! ही काय भानगड आहे?”

“बघू.” मी त्यांच्या हातातून गॉगल जवळजवळ ओढूनच घेतला आणि नाकावर चढवला. खरंच, डबी उभी धरली की पडदा काळा, आडवी धरली की स्वच्छ. गंमत वाटली. मी पुन्हा उभी केली, पुन्हा आडवी केली. मग हसत हसत गॉगल परत द्यायला मान वर केली आणि माझी नजर कोंडावर गेली.

पाणी दिसेना! म्हणजे पाणी होतं, पण त्याच्यावरचं आभाळ नव्हतं. ती डोळे दिपवणारी चमक कोणीतरी फडक्याने पुसून घ्यावी तशी गेली होती. आप्पा बसले होते ती पायरी पाण्याखाली आणखी तीन पायऱ्या उतरत गेलेली दिसली. त्या पायऱ्यांवरचं शेवाळ दिसलं. तळाचे गोटे दिसले. पलीकडे कातळाची कपार आत शिरलेली दिसली. आणि कपारीच्या तोंडाशी एक लांबट काळा दगड होता, त्याने शेपटी हलवली.

एक नव्हता. त्याच्यामागे दुसरा होता, त्याच्या खाली दोन, आणि आतल्या काळोखात नुसत्या हलणाऱ्या पाठी.

“आप्पा,” मी ओरडले, “आप्पा, आहेत! आहेत हो!”

आप्पांनी मागे वळूनही पाहिलं नाही. “मग मी काय सांगतोय तीन म्हयने?”

साहेबांनी गॉगल माझ्या नाकावरून काढून घेतला. त्यांनी पाहिलं, आणि तो शिकलासवरलेला इंजिनिअर पायरीवर गुडघे टेकून बसला. “आयला,” ते हळूच म्हणाले. “केवढाले आहेत! मी सकाळपासून हा गॉगल घालून हिंडतोय, पण एकदाही नीट पाण्याकडे पाहिलं नाही.”

“मग झालं तर साहेब! तुम्ही स्वतः पाहिलंत.”

“मी पाहिलं,” ते म्हणाले, “पण माझं पाहणं फाइलला जोडता येत नाही. फोटो जोडता येतो. फोटो काढा.”

मी डबी रोखली आणि काढला. पुन्हा आभाळ. माणसाच्या डोळ्यावर गॉगल होता, डबीच्या डोळ्यावर नव्हता.

तिथेच माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. स्टुडिओत पेठेकाकांकडे मखमलीच्या पेटीत फिल्टर असायचे. लग्नाच्या वेळी ते मोठ्या कॅमेऱ्याच्या भिंगावर एक काच आट्यांनी पिळून बसवायचे, की समयांच्या ज्योतींना चांदण्या फुटायच्या. मी एकदा विचारलं होतं, या लहान कॅमेऱ्याला का नाही लावत? तेव्हा काका म्हणाले होते, “डबीला फिल्टर नसतो गं, तिच्या तोंडाला आटेच नाहीत.” झालं! काकांचा शब्द म्हणजे मला ब्रह्मवाक्य. सहा वर्षं मी तेच धरून बसले होते. पण आटे लागतात कशाला? समोर धरली काच की झाला फिल्टर! मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग वाटीएवढं, त्याला गॉगलची काच पुरली नसती. डबीचं भिंग रुपयाएवढं, तिला ती पुरून उरणार होती.

“साहेब, गॉगल द्या.”

मी एक काच डबीच्या तोंडाशी नेली. पण गॉगलचा नाकावरचा भाग मध्ये अडायचा, डबी चिकटून बसेना. फटीतून ऊन शिरायचं आणि काचेवर माझी बोटंच चमकायची. काड्या एकीकडे, डबी एकीकडे, तीन हात असते तरी कमी पडले असते.

“साहेब,” मी म्हटलं, “एक काच काढू का?”

“अहो, बायकोनं वाढदिवसाला घेतलाय तो!”

“परत बसते हो काच.”

“नाही बसली तर काय सांगू तिला? मासे बघायला फोडला म्हणून?”

मी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. दोनला दहा कमी. साहेबांनी एक सुस्कारा टाकला, गॉगल हातात घेतला आणि स्वतःच अंगठ्याने दाबला. टक् करून काच त्यांच्या तळहातावर पडली. “घ्या,” म्हणाले. “आता फोटो नाही आला तर मी घरी जात नाही, इथेच कोंडाकाठी राहतो.”

उरलेला एका काचेचा गॉगल बाबूने उचलला. एक डोळा मिटून, मान वाकडी करून त्याने तो लावला. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचं हसू हळूहळू मावळलं. तो दोन पायऱ्या खाली आला. आणखी एक खाली आला.

“आप्पा,” तो म्हणाला, “ह्ये... ह्ये सगळं हितंच होतं?”

“जातील कुठं? तुज्या वाडीत?”

“लहान होतो तवा बघितलं होतं. मला वाटलं, गेले.” बाबूने गॉगल काढला, पुसला, पुन्हा लावला. “तू बघ ना, आप्पा. घे.”

“मला नको. मला म्हाईत हाय.”

मी काच भिंगासमोर धरली आणि पडद्यावर पाहिलं. चमक! तीच मेली चमक, पहिल्याहून जास्त. मासे नाहीत, तळ नाही, काही नाही. आत्ता तर या काचेतून दिसत होतं! मी बाबूला विचारलं, “आहेत ना अजून?”

“हायत की. तितंच हायत.”

मग माझ्या काचेला काय धाड भरली? मी काच पुसली, पुन्हा धरली. तेच. काच उलटी केली. तेच. साहेब म्हणाले, “एकाच काचेत ती जादू असेल का? दुसरीत?” बाबूने आपली काच छातीशी धरली, जशी मी ती हिसकावून घेणार होते.

मी चिडून काच बोटांत फिरवली, आणि फिरवता फिरवता पडद्यावरचं आभाळ विरघळलं. तेव्हा कळलं! चौकटीतून काढताना माझ्या हातातली काच गोल फिरली होती. ही काच सरळ असली तरच चमक अडवते, आणि डोळ्यावर होती तोवर नाकाने तिला सरळ ठेवलं होतं; हातात आल्यावर तिची वरची बाजू कोणती आणि आडवी कोणती, कोणाला ठाऊक? मी जपून, तसूतसूने फिरवू लागले. चमक वाढली, कमी झाली, आणखी कमी झाली आणि एका जागी पार गेली. मी काचेच्या वरच्या कडेला नखाने माझ्या कपाळाचं कुंकू लावून खूण केली.

“सापडली साहेब!”

आणि तेवढ्यात मशीन सुरू झालं. जेवायला गेलेली माणसं परतली होती. धडधड कातळातून पायांत आली. पडद्यावर त्या पाठी एकदम आत सरकल्या. कपार रिकामी झाली.

मी रडकुंडीला आले. साहेब हात हलवत “थांबवा, थांबवा” ओरडायला लागले, पण त्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? आणि मग मी एक दृश्य पाहिलं, ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. सहा वर्षं त्या साकवासाठी जीव टाकणारा बाबू पाष्टे, एका काचेचा गॉगल डोक्यावर, लुंगी गुडघ्यावर खोचून, कातळावरून माकडासारखा उड्या मारत मशीनकडे धावला. “बंद कर रे! तुझ्या आयचा घो, बंद कर! देवीचे मासे जेवतायत!”

मशीन थांबलं. इतकी शांतता झाली की उंबरावरचा मुंगळा चालला असता तरी ऐकू आला असता.

अडीच वाजले. पावणेतीन झाले. कपार रिकामीच. मी खालून तिसऱ्या पायरीवर बसले होते. तिथूनच दिसत होतं. कातळावरून सरळ खाली वाकलं की आपलं तोंड दिसायचं, फार दूर जाऊन आडवं पाहिलं की आभाळ. मधेच, तिरकं बसावं लागायचं. हात दुखायला लागले. पडद्याच्या कोपऱ्यात सेलची खूण लाल झाली. मी डबी बंद केली, उगाच जीव खर्च नको.

“आप्पा,” मी म्हटलं, “हाक मारा ना त्यांना. या रे या म्हणा, नेहमीसारखं.”

“नाय मारायची.”

“अहो, तीन वाजत आले!”

“भ्यालेल्याला हाक मारली तर तो आनखी लपतो,” आप्पा म्हणाले. “गप बस.”

त्यांनी पातेल्यातला मूठभर भात घेतला आणि मूठ पाण्याखाली, कोपरापर्यंत नेली. टाकला नाही. मुठीतून एकेक शीत सोडत राहिले, आणि त्यांच्या त्या धुरकट डोळ्यांनी समोरच्या झाडाकडे बघत राहिले. साहेब माझ्या शेजारी श्वास रोखून बसले होते. बाबू मशीनवाल्याचा हात धरून तिकडेच उभा होता, न जाणो त्याला पुन्हा बटण दाबायची हुक्की आली तर.

सव्वातीन वाजता साहेबांनी माझा दंड धरला. त्यांच्या डोळ्यांवर गॉगल नव्हता, तरी त्यांनाही काहीतरी हललेलं जाणवलं होतं. मी डबी सुरू केली, काच समोर धरली, कुंकू वर. दोघं बाहेर आले होते. मग चार. मग एक थोरला, आप्पांच्या हाताएवढा लांब, सरळ पायरीवर आला आणि त्याने त्यांच्या मुठीला तोंड लावलं. आप्पांचं तोंड हललं, पण काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.

मी बटण दाबलं आणि डबीतून वीज चमकली. फ्लॅश! बंद करायची विसरले होते. काचेवर आपटून उजेड परत आला, पडद्यावर नुसता पांढरा डाग. मासे दचकले, वळले.

“सुगंधे!” आप्पा दातओठ खाऊन म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि मूठ तशीच ठेवली.

मी फ्लॅश बंद केला. मनात म्हटलं, आई सोमजाई, एवढी एक वेळ. कोपर गुडघ्यावर टेकवलं, कारण काचेमुळे उजेड कमी झाला होता आणि हात जरा हलला तरी सगळं पुसट यायचं. श्वास धरला. ते परत आले. एक, मागोमाग सगळे. अर्धं बटण दाबलं, चौकट हिरवी झाली. पूर्ण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं.

“आला?” साहेब कुजबुजले.

मी डबी आडवी करून त्यांच्यापुढे धरली.

सगळं जरा तपकिरी होतं, चहातून बघावं तसं. पण पायऱ्या होत्या, शेवाळ होतं, आप्पांचा कोपरापर्यंतचा हात होता, आणि त्या हाताभोवती मासे होते. खवला खवला मोजून घ्यावा इतके स्वच्छ. साहेबांनी आरोळी ठोकली. अहो, सरकारी माणूस, पण दोन्ही हात वर करून नाचला! बाबू मशीनवाल्याला सोडून धावत आला, त्याने पाहिलं आणि आप्पांच्या पायांवर डोकंच ठेवलं. “चुकलं, आप्पा. सरकू दे खांब. चाळीस फूट का, शंभर फूट सरकू दे.”

“शंभर नको,” आप्पा म्हणाले, “मग तुला लांब पडंल.”

साहेबांनी फाइल काढली. नवा कागद घेतला, सरसर लिहू लागले. फोटोची प्रत उद्या मी स्टुडिओतून पाठवायची ठरली. “संख्येचा रकाना आहे,” ते म्हणाले आणि पेनचं टोक पडद्यावर ठेवून मोजायला लागले. “एक, दोन, तीन... हा मागचा धरून चौदा, पंधरा...”

आप्पांनी चाचपडत हात पुढे केला आणि पडद्यावर ठेवला.

“मोजू नका, साहेब. देवीचं मोजलं की कमी होतं.”

“आजोबा, रकाना मोकळा ठेवता येत नाही.”

“मग लिवा, हायत.”

“संख्येच्या रकान्यात?”

“हायत त्ये हायत. आनखी काय लिवनार?”

साहेबांनी डोकं खाजवलं आणि खरोखर लिहिलं. संख्या: आहेत. मला त्यांच्यावरून जीव ओवाळून टाकावासा वाटला.

पण मग त्यांनी फाइलमधला जुना कागद काढला, आणि त्यांचा चेहरा पडला. “ही आधीची नोंद रद्द करावी लागेल,” ते हळू आवाजात म्हणाले. “ज्यानं माहिती दिली, त्यानं स्वतः खोडून सही करायची. नाहीतर वर विचारतील, कागद दोन आणि बोलणी दोन.”

“कुनी दिली रे ती म्हायती?” बाबू उसळला. “नाव सांगा साहेब, बघतोच त्याला!”

साहेब नदीकडे बघत राहिले. दिलेला शब्द पाळत होते बिचारे.

“मी,” मी म्हटलं. “मी दिली.”

आप्पांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. “कवा?”

“जानेवारीत. तुम्ही रत्नागिरीला होतात.”

“म्हंजे पौषात.” त्यांनी बोटांवर महिने मोजले. “पौषात ते वर येत नायत गो. थंडीत तळ धरतात. तुला लहानपनी सांगितलं होतं.”

सकाळी साहेबांना सांगितलं होतं तसंच म्हणता आलं असतं, दिसले नाहीत, चूक झाली. पण त्या तोंडाकडे बघून मला खोटं बोलवेना.

“माहीत होतं, आप्पा,” मी म्हटलं. “माहीत असून लिहून दिलं.”

“कशापायी?”

“मासे नाहीत म्हटलं की कोंड संपला, कोंड संपला की तुम्ही पायऱ्या उतरायच्या थांबाल. माझ्याकडे चिपळूणला याल. गेल्या गणपतीत तुम्ही विसाव्या पायरीवर पडलात. दर रविवारी येताना मला धास्ती वाटते, तुम्ही खाली पडलेले सापडाल म्हणून.” मला रडू आवरेना. “मला सुरुंगाचं कळलं नव्हतं, आप्पा. देवीशपथ कळलं नव्हतं.”

साहेबांनी पेन टोपणात घातलं, पुन्हा काढलं. आप्पा बराच वेळ ओला हात धोतराला पुसत राहिले. मला वाटलं, आता हे माझ्याशी या जन्मी बोलणार नाहीत.

“खोड ती रेघ,” ते म्हणाले.

मी खोडली आणि सही केली.

“पायऱ्या मला झेपत नायत, ह्ये खरं हाय,” आप्पा म्हणाले. “उद्यापासून मी नाय उतरनार.”

“खरंच?” माझा विश्वास बसेना.

“व्हय. उद्यापासून तू उतर.” त्यांनी भाताचं रिकामं पातेलं चाचपडून उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

“मी? अहो, माझी नोकरी आहे चिपळूणला. किती दिवस उतरू?”

“ते हायत तवर,” आप्पा म्हणाले, आणि बाबूच्या खांद्यावर हात टाकून पायऱ्या चढू लागले.

दुसऱ्या दिवशी मी पेठेकाकांना डबी परत दिली आणि नोकरी सोडली. त्याला आता सतरा वर्षं झाली, आणि मी रोज सकाळी पायऱ्या उतरते.